हा लॅपटॉप तुमचाच कशावरून?

आमच्या दुकानात दोन गोष्टी आपोआप साठत जातात. एक म्हणजे लॅपटॉप नसलेले चार्जर आणि दुसरी म्हणजे किस्से. चार्जर निदान भंगारवाला तरी घेऊन जातो. किस्से कोणी नेत नाही. ते डोक्यात पडून राहतात आणि चार मित्र जमले, चहा आला की एकेक करून बाहेर पडतात. कुठला आधी घडला आणि कुठला नंतर, हे आता मलाही नीट सांगता येत नाही. त्या सगळ्या काळात मी गोंधळलेलोच होतो. पण सगळ्या किश्शांचं मूळ एकच. भाऊ!

दुकान सोमाटणे फाट्यावर आहे. मी आणि माझा मित्र संतोष, भागीदारीत. जुने लॅपटॉप घेतो, दुरुस्त करतो, विकतो. या धंद्यात भीती एकच, चोरीचा माल. त्यात आमच्या वरच्या अंगाला लोणावळा. शनिवार-रविवारी पाहुणे येतात, गाडी कडेला लावतात, बॅग सीटवर ठेवतात आणि धुकं बघायला जातात. धुक्यात काही दिसत नाही म्हणून परत येतात, तर गाडीची काच फुटलेली. तो लॅपटॉप मग कुठल्यातरी दुकानाच्या दिशेने निघालेला असतो. ते दुकान आपलं नसावं, एवढीच आमची रोजची प्रार्थना.

आता भाऊ कोण, ते सांगतो.

संतोषसाठी कुसगावची एक मुलगी सांगून आली होती. प्रतीक्षा नाव, शाळेत शिक्षिका. बघण्याच्या कार्यक्रमाला मीही गेलो होतो. पोहे झाले, चहा झाला, मुलीला मुलगा आवडला, मुलाला मुलगी इतकी आवडली की तो बशीत नसलेले पोहे चमच्याने खात होता. सगळं जुळलं. शेवटी मुलीच्या वडिलांनी विचारलं, "दुकान कशाचं म्हनला?"

"जुन्या लॅपटॉपचं."

"जुने म्हंजी कुनाचे?"

हेच ते भाऊ. रिटायर्ड हवालदार. बशी खाली ठेवून म्हणाले, "माजी समदी सर्विस चोरीचा माल हुडकन्यात गेली. आन आता जावईच तसला केला, तर गावात तोंड कुटं दाखवू? पोरगा चांगला हाय. पन एक जरी चोरीचा लॅपटॉप त्यानं घेतलेला दिसला, तर विषय संपला!"

आम्ही मान डोलावली. आम्हाला वाटलं, बोलण्याची पद्धत असते. पुढच्या सोमवारी दुकान उघडलं तर पंख्याखालच्या खुर्चीत भाऊ बसलेले. हातात पिशवी, छत्री, पेपर. "मी नुसता बगतो," म्हणाले. "तुमी तुमचं काम करा."

*

संतोषचा एक नियम होता. चोराकडे चार्जर नसतो! ज्याच्याकडे चार्जर नाही, त्याच्याशी पुढे बोलायचंच नाही. हा नियम त्याने भाऊंना मोठ्या अभिमानाने समजावून सांगितला.

भाऊंनी ऐकून घेतलं. "आन बॅगच उचलली तर?"

संतोषचा चेहरा पडला. ही शक्यता त्याच्या डोक्यातच आली नव्हती.

त्याच आठवड्यात एक माणूस आला. पाठीला चांगली बॅग. लॅपटॉप काढला, चार्जर काढला, माऊस काढला. संतोष खूश. माणूस आत काय काय आहे ते काढतच होता, तेवढ्यात बॅगेतून एक जेवणाचा डबाही निघाला. अजून गरम!

भाऊ पेपर न हलवता म्हणाले, "डब्यात काय हाय?"

माणूस गडबडला. "डब्यात... भाजी-पोळी."

"कसली भाजी?"

"बटाट्याची असेल."

"असंल?" भाऊ उठले. त्यांनी डबा उघडला. आत थालीपीठ!

आम्ही वर बघेपर्यंत तो माणूस लॅपटॉप, बॅग, सगळं कवटाळून पळालेला होता. मागे राहिला फक्त डबा. आता या डब्याचं काय करायचं, कोणाला काही सुचेना. डब्याचा मालक कोण हे माहीत नाही, चोर कुठे गेला हे माहीत नाही. मी म्हटलं, चौकीत नेऊन देऊ. संतोष म्हणाला, चोरीचा माल आपण हातात कसा घ्यायचा?

आमचा वाद संपला तेव्हा भाऊ हात धूत होते.

"नाशिवंत माल हाय," ते म्हणाले. "ठिवता येत न्हाई."

*

एकदा एक सद्गृहस्थ आले, तळेगावचेच. सगळं व्यवस्थित. बिल होतं, चार्जर होता, पासवर्डही त्यांनी चटकन टाकला. स्क्रीनवर फोटो आला. एक बाई, दोन मुली, एक आजोबा आणि मागे धबधबा.

भाऊ जवळ आले. "ह्यात तुमी कुटं?"

"मी फोटो काढत होतो."

"दुसरा दावा."

दुसऱ्या फोटोत तीच बाई, त्याच मुली, मागे देऊळ. गृहस्थ नाहीत. तिसऱ्यात वाढदिवसाचा केक. केक आहे, मेणबत्त्या आहेत, शेजारचा कुत्रासुद्धा आहे. गृहस्थ नाहीत! ते भराभर फोटो सरकवायला लागले. आधी आम्हाला दाखवण्यासाठी सरकवत होते, मग स्वतःसाठीच सरकवायला लागले. कपाळावर घाम आला.

"अहो, खरंच नाहीये मी," ते म्हणाले.

त्यांनी बायकोला फोन लावला. "काय गं, आपल्याकडे माझा एक तरी फोटो आहे का?"

पलीकडून आवाज आला, "कशाला? कुठे हरवलात की काय?"

गृहस्थ स्टुलावर बसले. मला फार वाईट वाटलं. शेवटी भाऊच म्हणाले, "मिस्त्री, ह्यांचा एक फोटू काड." भाऊ संतोषला मिस्त्री म्हणत. नावाने कधी हाक मारली नाही. संतोषने फोटो काढला, गृहस्थांनी तो लॅपटॉपवर टाकून घेतला आणि लॅपटॉप न विकताच घरी गेले. चोर नव्हते एवढं नक्की. पण आमचं गिऱ्हाईक मात्र गेलं.

*

गिऱ्हाईक जाण्याचं भाऊंना काहीच वाटत नसे. विकायला आलेल्याला प्रश्न विचारणं मी समजू शकतो. पण भाऊ दुरुस्त झालेला लॅपटॉप न्यायला आलेल्यालाही सोडत नसत.

एका बँकेतले साहेब आले होते. आम्ही त्यांचा कीबोर्ड बदलला होता. मी लॅपटॉप काउंटरवर ठेवला आणि त्यांनी हात पुढे केला.

"हा तुमचाच कशावरून?" भाऊ.

"म्हणजे? मीच देऊन गेलो होतो ना!"

"देताना तरी तुमचा होता कशावरून?"

साहेब हसले. मग माझ्याकडे बघून हसायचे थांबले. भाऊंनी त्यांना लॅपटॉप कुठून घेतला, कधी घेतला, दुकानदार कसा दिसत होता, सोबत कोण होतं, सगळं विचारलं. साहेब उत्तरं देत गेले आणि प्रत्येक उत्तरानंतर त्यांचा आवाज बारीक होत गेला. शेवटी ते म्हणाले, "मला नक्की आठवत नाही हो." आणि लॅपटॉप तिथेच ठेवून निघून गेले!

दुसऱ्या दिवशी त्यांच्या मिसेस आल्या. पिशवी काउंटरवर आपटून म्हणाल्या, "आमच्या ह्यांना तुम्ही काय सांगितलंत? काल रात्रीपासून घरातल्या एकेका वस्तूकडे बघत बसलेत. मिक्सर आपलाच का, म्हणून विचारत होते!"

भाऊ पेपर वाचत होते. पेपर उलटा होता.

*

कार्ल्याचे आबा आले तो दिवस तर मी विसरूच शकत नाही. आबांची डोंगराच्या पायथ्याशी काकड्यांची टपरी आहे. टॉवेलात काहीतरी गुंडाळून आणलं होतं. सोडलं तर आत नवाकोरा लॅपटॉप! भाऊ खुर्चीत सरसावून बसले.

"इकायचा न्हाई," आबा आधीच म्हणाले. "कुनीतरी बाकड्यावर इसारलंय. ह्यो चालू करा आन मालक कोन हाय ते सांगा. लय जनांला इचारलं, समदे म्हन्त्यात माजाच हाय."

चालू केला. स्क्रीनवरच लिहिलं होतं, सापडल्यास या नंबरवर फोन करा. फोन केला. पिंपरीहून एक तरुण धापा टाकत आला. "थँक्यू काका, थँक्यू!" म्हणत त्याने लॅपटॉपला हात घातला, तर आबांनी तो छातीशी धरला.

"तुमचा हाय तर मंग उगडून दावा."

पोरगा आधीच घाबरलेला. पासवर्ड चुकला. पुन्हा चुकला. पुन्हा चुकला आणि लॅपटॉपने कुलूपच घातलं. आता थोडा वेळ थांबा, असं स्क्रीनवर आलं.

"न्हाई उगडत," आबा म्हणाले. "दुसऱ्याचा हाय."

"अहो, तुम्हीच ना मला फोन केला? त्या नंबरवर मीच बोललो ना?" पोरगा रडकुंडीला आला.

भाऊ खुर्चीतून म्हणाले, "फोन बी चोरीचा असंल!"

मी संतोषकडे बघितलं, संतोषने माझ्याकडे. आता यापुढे माणसाने आणखी काय सिद्ध करायचं? पोरगा आधारकार्ड काढायला लागला तर आबा म्हणाले, मला वाचता येत नाही. मग आबांनीच जरा विचार केला.

"माज्याकडं काय खाल्लं तुमी?"

"काकडी! तिखट-मीठ लावून. इतकी झोंबली की तुमच्या तांब्यातलं सगळं पाणी मी प्यायलो."

"व्हय!" आबांचा चेहरा उजळला. "ह्योच त्यो! ह्याच्यापायी मला दुपारपातूर पानी न्हवतं."

आणि त्यांनी लॅपटॉप टॉवेलासकट त्याच्या हातात दिला.

*

या सगळ्यात संतोषची अवस्था वाईट होती. महिने चालले होते. प्रतीक्षाच्या घरून निरोप नाही, तारीख नाही, नकारही नाही. विचारायची सोय नाही, कारण ज्यांना विचारायचं ते पंख्याखाली बसलेले. घरी त्याची आई रोज विचारायची, "काय म्हणाले?" आणि हा सांगायचा, "आज चार्जरबद्दल बोलले."

अशात एक माणूस आला. बिल, चार्जर, पासवर्ड, फोटो. फोटोत तो स्वतः आणि बायको. भाऊंनी उलटसुलट विचारून बघितलं, कुठे अडकेना. भाऊ प्रथमच म्हणाले, "घ्या. हरकत न्हाई." संतोषने गल्ल्याला हात घातला, तेवढ्यात दारात रिक्षा थांबली आणि फोटोतली बायको उतरली!

"तो माझा लॅपटॉप आहे! मला न विचारता उचलून आणलाय!"

संतोषने गल्ला असा बंद केला की स्वतःचं बोट चेमटलं. आता ही चोरी धरायची की नाही? आम्ही सगळे भाऊंकडे बघायला लागलो.

भाऊंनी घसा साफ केला. "नवऱ्यानं घेतला तर चोरी धरत न्हाईत."

"असं?" बाई म्हणाल्या. "मग मी उद्या ह्यांची बुलेट विकते. तुमच्या ओळखीत आहे का कोणी घेणारं?"

नवरा मुकाट्याने लॅपटॉप उचलून रिक्षात जाऊन बसला. भाऊ त्या दिवशी लवकर घरी गेले. दुसऱ्या दिवशी आल्या आल्या म्हणाले, "मी काल घरी इचारलं. आमची मंडळी म्हन्ती, धरत्यात!"

*

आणि मग तो शनिवार.

भाऊ इस्त्रीचा शर्ट घालून आले होते. संतोष माझ्या कानात म्हणाला, "आज काहीतरी सांगणार."  एका गिऱ्हाइकाचा लॅपटॉप त्याने दोनदा उघडून दोनदा तसाच बंद केला.

दुपारी एक माणूस कापडी पिशवीतून लॅपटॉप घेऊन आला. काउंटरवर ठेवला. संतोषने लॅपटॉपकडे बघितलं आणि त्याचा रंगच उडाला.

"कुनाचा?" भाऊंनी सुरू केलं.

"माझाच."

"बिल?"

"घरी आहे."

"पासवर्ड?"

"तो मेव्हण्याने टाकलाय. तो दुबईला असतो."

भाऊ उभे राहिले. इतके दिवस ज्याची वाट बघत होते तो शेवटी समोर आला होता. दुकान दणाणलं. "नीघ! चल नीघ हितनं! हितं चोरीचा माल घेत न्हाईत!"

"भाऊ, एक मिनिट, तो..." संतोष पुढे झाला.

"मिस्त्री, तू गप! हात लावशील तर बग!"

माणसाने लॅपटॉप पिशवीत कोंबला आणि पसार झाला. भाऊ विजयी मुद्रेने खाली बसले. मी म्हटलं, "भाऊ, त्याला धरायचं ना?" तर म्हणाले, "म्या रिटायर हाय."

तेवढ्यात संतोषने काउंटरवरून उडी मारली आणि बाहेर धावला. भाऊंनी समाधानाने मान हलवली. "धरायला गेला बग. दमाचं पोरगं हाय."

मी दारात गेलो. समोर रिक्षास्टँडपाशी संतोषने त्या माणसाला गाठलं होतं. पण तो त्याला धरत नव्हता. बोलत होता. हात जोडत होता. मग त्याने खिशातून पाकीट काढलं! मला काही कळेना. मी दार अडवून उभा राहिलो, पण पोलिसाची नजर ती. भाऊ माझ्या खांद्यावरून सगळं बघत होते.

संतोष परत आला. लॅपटॉप शर्टाच्या आत धरलेला.

"घेतलास?" भाऊंचा आवाज अगदी शांत.

"घेतला."

"पैशे देऊन?"

"हो. झटापट केली असती तर त्याने आपटला असता, म्हणून..."

"म्हायती असताना, चोरीचा हाय म्हनून?"

"हो, पण भाऊ..."

"संपला विषय." भाऊंनी पेपरची घडी केली. पिशवी घेतली, छत्री घेतली. मला रडू यायचं बाकी राहिलं होतं. इतक्या महिन्यांत एकही चोरीचा लॅपटॉप आम्ही घेतला नाही आणि पहिला घेतला तो भाऊंच्या डोळ्यांदेखत! संतोषला वेड लागलं, असंच मला वाटलं.

भाऊ पायरीवर पोहोचले आणि त्यांचा फोन वाजला. त्यांना कमी ऐकू येतं म्हणून फोन कायम स्पीकरवर.

"बाबा!" प्रतीक्षा हुंदके देत होती. "माझा लॅपटॉप गेला! फाट्यावर भाजी घेत होते, स्कूटीला पिशवी अडकवली होती, वळून बघितलं तर पिशवीच नाही! सगळ्या वर्गाचे मार्क त्यात आहेत हो! आता शाळेत काय सांगू?"

 संतोषने शर्टातून लॅपटॉप काढला, काउंटरवर ठेवला आणि हळूच फिरवला. बिजागरीच्या एका स्क्रूवर लाल ठिपका होता.

"प्रतीक्षांच्या लॅपटॉपची ही बिजागरी मीच बसवून दिली होती," तो खाली बघत म्हणाला. "स्क्रू वेगळ्या रंगाचा बसला, म्हणून त्यांनी त्यावर नेलपॉलिश लावलं."

भाऊ परत आत आले. चष्मा लावला. स्क्रू बघितला. चष्मा पुसला आणि पुन्हा बघितला.

"बाबा, ऐकताय ना? कुठे आहात तुम्ही?"

"रडू नगंस," भाऊ म्हणाले. "घावलाय तुजा लॅपटॉप."

"घावला? खरंच? कोणाला?"

भाऊंनी माझ्याकडे बघितलं. मग दाराकडे. मग वर फिरणाऱ्या पंख्याकडे.

"मला," ते म्हणाले.

मग त्यांनी फोनवर हात ठेवला, छत्री पुन्हा खुर्चीला अडकवली आणि म्हणाले, "संतोषराव, रईवारी तुमच्या घरी कोन कोन असतंय?"